पाण्यापासून अंतर राखून

ठाणे जिल्ह्याचे विभाजन १ ऑगस्ट २०१४ रोजी झाले आणि वसईपासून तलासरीपर्यंतचा सारा सागरकिनारा, त्याच्या पाठीशी असलेल्या वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या डोंगरी तालुक्यांसह, नव्या पालघर जिल्ह्याच्या दप्तरी दाखल झाला. मूळ जिल्ह्याकडे उत्तनच्या बाजूची थोडी पुळण आणि खाड्यांचे खारे पाणी एवढेच उरले. शहापूर व मुरबाड हे आमचे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. येथील कुणबी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचा समुद्राशी संबंध काय तो आठवड्याच्या बाजारात येणाऱ्या सुक्या मासळीपुरता. तरीही आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे हे वाक्य शाळेत घोकलेल्या माझ्या पिढीला त्या दिवशी काहीतरी आपल्या हातून गेल्यासारखे वाटले होते, आणि समुद्रकाठी सहकुटुंब मुक्काम करण्याचा विचार परवा घरात निघाला तेव्हा ती जुनी हुरहुर पुन्हा एकदा जागी झाली.

विचार काढला माझ्या पुतण्याने. तो गेली कित्येक वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात राहतो, आणि तेथील अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे उन्हाळ्याच्या सुटीत मोटारघर घेऊन समुद्रतीरी जाऊन राहणे हा त्याच्याही मुलांच्या आनंदाचा भाग झालेला आहे. मेरीलँडच्या किनाऱ्यावरील ॲसाटीग या लांबट बेटावर सरकारने राखलेली तळाची जागा आहे. तेथे एका अंगास महासागर, दुसऱ्या अंगास उथळ खाडी, मध्ये वाळूच्या टेकड्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या मोकाट राहिलेले घोडे तळामधून निःशंकपणे फिरतात, इतके की अन्न बंद पेटीत न ठेवल्यास ते त्यावर ताव मारून जातात. जागेचे आरक्षण कित्येक महिने अगोदर करावे लागते, गाडी उभी करण्याचा चौक नेमून दिलेला असतो, आणि वापरलेले पाणी व मैला रिता करण्याचे ठिकाणही ठरलेले असते. "काका, तसंच इथे आजीला घेऊन करू या," असे तो म्हणाला, आणि त्याच्या धाकट्या मुलीने लगेच घोडे दिसतील का म्हणून विचारले. माझ्या आईचे वय पाहता तंबूत जमिनीवर निजणे तिला शक्य नव्हते. म्हणून मुंबईहून एक मोटारघर भाड्याने ठरवले गेले, ज्यात चार बिछाने, चूल, न्हाणीघर आणि पाण्याच्या टाक्या अशी सर्व सामग्री होती.

प्रथम आम्ही केळव्याचा विचार केला. पालघरच्या पश्चिमेस पानवेलींच्या व केळींच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता, शीतलादेवीचे देऊळ, सुरूचे बन आणि ओहोटीच्या वेळी दूरवर उघडी पडणारी पुळण हे सारे मला परिचयाचे आणि प्रिय आहे. परंतु वाड्यांच्या कुंपणांमधील त्या गल्ल्या एवढ्या अरुंद की मोठे वाहन समोरून आलेल्या टेम्पोला वाट देऊ शकत नाही. सुरूचे बन वनखात्याच्या अखत्यारीत, आणि पुळणीवर वाहन नेणे हे मनाई असो वा नसो, मूर्खपणाचे आहे. आमच्या बेताचे दिवस अमावास्येच्या लगतचे होते. अष्टमीच्या सुमाराचा भांग असता तर गोष्ट वेगळी. पण पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळ्यांमध्ये चार-पाच मीटरांचा फरक पडतो, आणि संध्याकाळी कोरडी, टणक भासणारी वाळू मध्यरात्री चाकांखालून सरकू लागते. शिवाय १९९१ पासून किनारा नियमनाचे निर्बंध लागू आहेत, आणि ते योग्यच आहेत. तात्पर्य, ज्याला केळव्यास जायचे त्याने तेथील एखाद्या वाडीत, मालकाच्या ओसरीवर उतरावे आणि समुद्राकडे पायी जावे, हे माझे मत झाले व घरच्यांनी ते मान्य केले. समुद्र न मिळाल्याचे मुलांना वाईट वाटले. त्यांची समजूत काढताना मी म्हणालो की आपल्याकडे गोड्या पाण्याचे समुद्र आहेत. आणि हे केवळ समजुतीसाठी म्हटलेले वाक्य नव्हते.

शहापूर तालुक्याचा नकाशा पुढ्यात घेतला तर निळ्या रंगाचे मोठमोठे डाग त्यावर ठिकठिकाणी दिसतात. मुंबई शहराची तहान वाढत गेली तसतसे ते डाग वाढत गेले. विहार तलाव १८६० साली झाला, तुळशी १८७९ साली. आणि तेवढ्याने भागेना म्हणून त्या काळच्या अभियंत्यांची दृष्टी सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोहोचून १८९२ साली तानसा नदीवर जवळजवळ पावणेदोन मैल लांबीची दगडी भिंत उभी राहिली. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५७ साली, वैतरणेचे पाणी अडले आणि त्या जलाशयास नगरअभियंता मोडक यांचे नाव मिळाले. पुढे भातसा व चोरणा यांचे पाणी एकत्र करणारे भातसा धरण झाले, जे आज मुंबईच्या एकूण पाण्यापैकी सुमारे अर्धे पाणी एकटे पुरवते. शंभर इंचांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या मुलखाने आपले पाणी नैर्ऋत्येकडील महानगरास द्यावे, अशी ही शंभराहून अधिक वर्षांची व्यवस्था आहे.

आम्ही निघालो ते भातझोडणी उरकत आलेली असताना. हा काळ मी जाणूनबुजून निवडला होता. जून ते सप्टेंबर या महिन्यांत धबधबे, धरणे व डोह यांच्या परिसरात जाण्यास जिल्हा प्रशासनाकडून मनाईचे हुकूम निघतात आणि माळशेज घाटात दरडी कोसळतात; त्या हुकुमांबद्दल नाराजी दाखवणाऱ्यांनी एकदा कोणत्याही पावसाळी रविवारी येथील पोलीस पाटलाशी बोलावे, म्हणजे बुडालेल्या मुलांचे देह वर काढण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते त्या गावकऱ्यांची व्यथा कळेल. याच्या उलट मार्च ओलांडला की पाने गळतात, सावली जाते, डोंगरास वणवे लागतात. कार्तिक ते माघ हाच येथे उघड्यावर राहण्याचा ऋतू.

आसनगावाशी महामार्ग सोडून प्रथम तानसाकडे वळलो, तेथे राहण्यासाठी नव्हे, कारण तलावाभोवतीचे अरण्य अभयारण्य आहे व धरणाच्या परिसरात जाण्यास मुंबई महानगरपालिकेच्या जलअभियंता खात्याची परवानगी लागते. परंतु मुलांना ते जंगल बाहेरून तरी दाखवावे अशी इच्छा होती. जो रानपिंगळा १८८४ नंतर कोणाच्या दृष्टीस न पडल्यामुळे नामशेष झाला असे पक्षिशास्त्रज्ञ मानून बसले होते आणि जो १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तोच छोटासा पक्षी २०१४ साली या तानसाच्या सागवानांत आढळला. ज्या अरण्यात एवढा दुर्मीळ जीव आपले घर करून आहे त्या अरण्यात आपण रात्री दिवे व गाणी घेऊन शिरू नये, हे सांगण्यासाठी मला मुलांपुढे कायद्याचे कलम वाचावे लागले नाही.

तेथून भातसेकडे. मुक्कामाची जागा शोधण्याचे खरे काम येथे सुरू झाले, आणि येथेच मला एक गोष्ट उमगली, की जलाशयालाही भरती-ओहोटी असते, मात्र ती वर्षातून एकदाच येते. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी तुडुंब चढते, झाडांच्या बुंध्यांना लागते. नंतर दिवसागणिक ते उतरू लागते आणि मागे सोडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात. हा गाळ वरून वाळून त्याला भेगा पडतात, त्यावरून गुरे चालत जातात, म्हणून परक्याला तो टणक वाटतो. पण पापुद्र्याखाली तो लोण्यासारखा मऊ असतो. आमच्या चालकाने काठालगतची एक सपाट जागा पसंत केली, समोर पाण्याचा अथांग विस्तार आणि पलीकडे माहुलीचे सुळके असा देखावा होता, आणि मोह कोणालाही पडावा अशीच ती जागा होती. गुरे राखणारा एक वृद्ध ठाकूर जवळ आला, त्याने काठी जमिनीत रोवली; काठी सहज हातभर आत गेली. त्याने तोंडाने काहीच सांगितले नाही, आणि आम्हालाही अधिक काही ऐकण्याची गरज उरली नाही.

त्या वृद्धाशी आमचे बोलणे मात्र बराच वेळ झाले. आईने त्याला गाडीतला चहा दिला, आणि त्याने तिला विचारले, "आजी, तुमच्या गाडीला पानी किती लागतं?" पुतण्याने टाकीचे माप सांगितले. म्हातारा काही क्षण थांबला, मग म्हणाला, "येवढं पानी आमच्या पाड्याला चैतात एका दिसाला येत नाय." शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, हे ठाणे जिल्ह्याचे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे; "धरण उशाला आणि कोरड घशाला" ही म्हण या तालुक्याला जितकी लागू पडते तितकी महाराष्ट्रात क्वचितच कोठे पडत असेल. धरणांसाठी ज्यांची शेते गेली त्यांच्या नातवंडांनी धरणाच्या काठावर राहून हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी, हा अन्याय आहे, आणि त्याला सौम्य शब्द शोधण्याचे कारण मला दिसत नाही. आमच्या गाडीच्या टाकीतील पाणी मुंबईत भरलेले होते. म्हणजे निम्मे तरी ते याच जलाशयातून नळाने शहरात गेलेले, आणि आता आमच्याबरोबर पुन्हा येथे आलेले. पुतण्या त्यानंतर गाडीतील नळ सोडताना प्रत्येक वेळी विचार करताना मला दिसला.

मुक्कामाच्या जागेविषयी माझा जो निश्चय झाला तो त्या संध्याकाळी झाला. देखावा कसा आहे हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न हा, की आपण जे पाणी वापरणार ते कोणाच्या वाट्याचे आहे. आणि दुसरा हा, की आपण जी घाण करणार ती कोठे जाणार आहे. जलाशयाच्या काठावर भांडी घासली की साबणाचे पाणी लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यात जाते. तेथे उघड्यावर शौचास बसणे तर अपराधच म्हटला पाहिजे. ॲसाटीगला सरकारने मैला रिता करण्याची जागा बांधून दिली आहे म्हणून तेथील समुद्रकाठ स्वच्छ राहतो. आपल्याकडे ती जागा नसेल तर ती आपण स्वतः योजून निघाले पाहिजे, अन्यथा मोटारघर हे केवळ आपली घाण दुसऱ्याच्या अंगणात पोहोचवण्याचे साधन होऊन बसेल.

प्राचीनांना हे कळत होते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणाचा आरंभच स्कंधावाराच्या, म्हणजे सैन्याच्या तळाच्या, रचनेने होतो. आणि पुढे कूच करताना मार्गावरील ग्रामांत व अरण्यांत गवत, सरपण व पाणी किती मिळेल याचा अंदाज घेऊन मुक्काम ठरवावेत असे त्यात सांगितले आहे. प्रथम आधाराची मोजदाद, नंतर डेऱ्याची खुंटी, हा तो क्रम. मराठी फौजांचे तळ, यात्रेकरूंच्या राहुट्या, आजही पावसाळा संपताच देशावरून घाट उतरून कोकणात येणारे धनगरांचे वाडे, या सर्वांचा क्रम हाच आहे. धनगर तर शेतकऱ्याच्या संमतीवाचून शेतात बसत नाही, आणि बसतो तेव्हा मेंढरांच्या लेंडीचे खत मागे ठेवून जातो. पाहुणा कसा असावा याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

भातसेचा काठ सोडून आम्ही एका ओळखीच्या घरी रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी किन्हवलीमार्गे सरळगावास येऊन मुरबाड तालुक्यात शिरलो. या रस्त्याची मोठ्या वाहनाने जाणाऱ्यास एक सूचना देतो: गावांमधून विजेच्या तारा व आंब्याच्या फांद्या खाली आलेल्या असतात, तेव्हा गाडीच्या टपाची उंची चालकाला पाठ असावी व एकाने पुढे उतरून पाहावे. शेतांत ठिकठिकाणी पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, काही खाचरांत ओलीवर पेरलेला वाल नुकता वर येत असलेला, आणि डाव्या हातास सह्याद्रीची भिंत क्रमाक्रमाने उंचावत चाललेली. आजोबाचा डोंगर दिसू लागला तेव्हा मी मुलांना त्याच नावाच्या बिबट्याची हकिकत सांगितली. २००९ साली पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक प्रौढ बिबट्या बाहेर काढून, गळ्यात यांत्रिक पट्टा घालून, माळशेज घाटात सोडण्यात आला. त्याला सोडणाऱ्यांनीच 'आजोबा' हे नाव दिले. तो कसाऱ्यावरून, तानसाच्या जंगलातून, महामार्ग व रूळ ओलांडीत, सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास मजल मारून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला, आणि या साऱ्या प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. पुढे २०११ साली तो महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. मुलगी गप्प झाली, मग म्हणाली की त्याने घोड्यांपेक्षा जास्त प्रवास केला.

मुरबाड गावी आम्ही पिण्याच्या पाण्याचे जार विकत घेतले, ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता पाहून ठेवला आणि सर्पदंशावरील प्रतिविष तेथे आहे की नाही हेही विचारून घेतले. नवखा माणूस वाघाला भितो. भिण्यासारखा आहे तो मण्यार, जो रात्री निजलेल्या माणसाला अंथरुणात चावतो आणि ज्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. जमिनीवर निजणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली घट्ट खोचावी. खाट असल्यास उत्तम.

मुरबाडच्या दक्षिणेस म्हसे, जेथे पौष पौर्णिमेच्या यात्रेत बैलांचा व घोंगड्यांचा मोठा बाजार भरतो. त्याच्या पलीकडे सिद्धगड. त्या बाजूस राहावे असे माझ्या मनात फार होते, कारण २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनी सिद्धगडाच्या अरण्यात गोळ्या झेलल्या, आणि ज्या माणसांनी मुक्कामाच्या सुखासाठी नव्हे तर देशासाठी त्या रानात रात्री काढल्या त्यांच्या भूमीवर मुलांनी एक दिवस उभे राहावे असे वाटत होते. आम्ही तेथे गेलो, स्मारकापुढे नतमस्तक झालो. परंतु गाडीसाठी रस्ता व आईसाठी पल्ला दोन्ही अवघड, म्हणून संध्याकाळपूर्वी परत फिरलो. हुतात्म्यांच्या जागी तळ ठोकून चूल पेटवावी, हेही मनाला रुचले नसते.

शेवटी जागा मिळाली ती टोकावड्याच्या पुढे, कल्याण-नगर महामार्गापासून आत, काळू नदीच्या खोऱ्यात. नदीकाठी एक रम्य जागा होती. स्वच्छ डोह, उंबराची सावली, मऊ वाळू. पण करंजाच्या फांद्यांत माणसाच्या डोक्याहून उंच ठिकाणी वाळका पेंढा व फाटके प्लास्टिक अडकलेले होते, म्हणजे पावसाळ्यात पाणी तेथवर चढलेले होते. आणि घाटमाथ्यावर अवकाळी पाऊस पडला तर खाली आकाश निरभ्र असतानाही नदी फुगू शकते. नदीच्या पात्रात वा पूररेषेच्या आत गाडी लावू नये, हा नियम मी घरात कोणाशीही वादास न ठेवता अमलात आणला. काठापासून दोन-तीन शेते वर एका कुणबी शेतकऱ्याचे कापणी झालेले खाचर होते, बांधाला मोठे आंब्याचे झाड, घराजवळ पक्के शौचालय, आणि समोर नाणेघाटाची रांग. मी त्यांना जागा मागितली. सातबारा त्यांच्याच नावाचा असल्याने आणखी कोणाची संमती लागत नव्हती, तरी त्यांनी आपल्या थोरल्या भावाला विचारले व पोलीस पाटलाला निरोप धाडला. ही रीत मला फार आवडली. भाडे त्यांनी सांगितले नाही. माझ्या पत्नीने घरातील बाईंशी बोलून, दोन वेळचे जेवण त्यांच्याकडून घ्यावे व त्याचे पैसे रोख द्यावेत असे ठरवले, आणि सर्वांचा संकोच फिटला.

गाडीतील शौचकूप आम्ही वापरलेच नाही. वापरलेल्या पाण्यासाठी शेतकऱ्याच्या मुलाने व पुतण्याने मिळून, विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगास, दगडविटांचे तुकडे भरून शोषखड्डा केला. तो नंतर त्यांच्या न्हाणीच्या पाण्यास उपयोगी पडेल असे ठरले. उडवीच्या जवळपास शेकोटी पेटवायची नाही, ही घरधन्याची एकच अट होती. वर्षाचा पेंढा जळाला तर गुरांनी काय खावे? रात्री वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी व सुकटाची चटणी असे जेवण झाले. आई शेतकऱ्याच्या आईशी जुन्या ओव्या आठवीत ओसरीवर उशिरापर्यंत बसली, आणि मुले टपावर चढून तारे पाहत राहिली. शहरात वाढलेल्या मुलांना आकाशगंगा डोळ्यांनी दिसते हे तेथे प्रथम समजले.

सकाळी आम्हांपैकी चालू शकणारे वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट चढून गेलो. माथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, ज्यातील अंकचिन्हे भारतातील प्राचीनतम अंकलेखनात गणली जातात. बाहेर दगडी रांजण आहे, ज्यात जकात गोळा होत असे अशी परंपरा सांगते. विद्वान लेखाकडे पाहतात, पर्यटक रांजणाकडे. मला त्या दिवशी सर्वांत अधिक भावली ती वाटेवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी. सोपारा-कल्याणकडून जुन्नरास जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांकडून राज्यसत्ता जकात घेई, हे खरे. पण ती त्या तांड्यांना पाणी देत होती, आणि ते पाणी खालच्या गावाच्या विहिरीतून उपसलेले नव्हते, तर पावसाचे, त्यांच्याचसाठी साठवलेले. दोन हजार वर्षांपूर्वी प्रवाशाच्या पाण्याची तजवीज करणे हे राज्याचे कर्तव्य मानले जात होते याचा तो कातळात कोरलेला दाखला आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मोटारघरांच्या पर्यटनाचे धोरण स्वीकारले असून त्यात अशा वाहनांसाठी वीज, पाणी व सांडपाण्याची सोय असलेल्या जागा खाजगी जमिनींवर व पर्यटन महामंडळाच्या आवारांत उभ्या करण्याची कल्पना आहे. धोरण चांगले आहे. माझी विनंती एवढीच, की शहापूर व मुरबाडमध्ये असे तळ करताना ते जलाशयांच्या काठांवर नसावेत, गावाच्या लगत असावेत. त्यांचा मक्ता शहरातील कंपनीस न देता ग्रामपंचायतीस, बचतगटास किंवा शेतकऱ्यास द्यावा. आणि जो नळ प्रवाशासाठी येईल तोच नळ प्रथम त्या पाड्यातील हंड्यासाठी यावा. पाड्यातील बाई टँकरची वाट पाहत असताना शेजारी मोटारघराची टाकी भरली जात असेल तर तो तळ होऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

तोपर्यंत जे कोणी आपल्या मुलाबाळांना व वडीलधाऱ्यांना घेऊन या बाजूस येतील त्यांनी कार्तिक ते माघ या महिन्यांत यावे, टाकी शहरातून भरून आणावी, पूररेषेच्या वर व विहिरीपासून दूर, मालकाला विचारून गाडी उभी करावी, जेवण त्याच्या घरून विकत घ्यावे, आणि निघताना कचऱ्याची पिशवी गाडीतच ठेवून कल्याणला न्यावी. टोकावड्याच्या पुढे असे शेत मागितल्यास मिळते.